वाळवणाची वही

इतिहास आणि उन्हाळा या दोघांचं आमच्या लहानपणी अजिबात पटत नसे. एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इतिहासाचा पेपर होई, आणि तो झाला की उन्हाळा सुरू होई. शाळेच्या फाटकातून बाहेर पडता पडता पानिपत, प्लासी, बक्सार अशा सगळ्या लढाया आम्ही डोक्यातून काढून टाकत असू. त्या जागी आंबे, पत्ते आणि दुपारी मोठ्यांची झोपमोड केल्याबद्दल मिळणारे धपाटे यांची सोय करायची असे. इतिहास म्हणजे सनावळ्या, सनावळ्या म्हणजे लढाया, आणि लढाया होतात त्या आपल्या वाड्यापासून पुष्कळ लांब, अशी आमची पक्की समजूत होती. मास्तरांचीही तीच असावी, कारण तेही पेपर तपासून झाले की लगेच गावी आंबे खायला जात.

आता सत्तरी ओलांडल्यावर माझं मत असं झालं आहे की, खरा इतिहास पेपर झाल्यानंतरच सुरू होत असे. तो गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत पडलेला असे, आणि कावळ्यांनी त्याला तोंड लावू नये म्हणून हातात काठी देऊन आम्हाला राखणीला बसवलेलं असे. आम्ही इतिहासाचे पहारेकरी होतो. फक्त तेव्हा त्याला कुरडया म्हणत.

सुरुवात पाण्यापासून करू. उन्हाळा म्हटला की आधी माठ. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर हे काम झपाट्यानं होतं, दमट असेल तर रेंगाळतं. म्हणून पुण्याच्या माठातलं पाणी मुंबईच्या माठापेक्षा गार. पुणेकर हे फार वर्षांपासून सांगत आले आहेत, पण या एका बाबतीत त्यांना पदार्थविज्ञानाचाही पाठिंबा आहे, हे मुंबईकरांनी लक्षात घ्यावं.

माठावर ज्यांचं भागत नसे त्यांनी मोठमोठे उद्योग केले. अकबर बादशहाचं पाणी सोऱ्यात गार करत, असं अबुल फजलनं ‘आइन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवलं आहे. सोरा म्हणजे तोच, तोफेच्या दारूत घालतात तो. त्याहून कमाल केली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं. अमेरिकेत थंडीत तळी गोठतात, तर तो गोठलेला बर्फ करवतीनं कापून हिंदुस्थानात विकायचा, असं त्या माणसाच्या डोक्यात आलं. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. तोवर शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईलाही बर्फ आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसकट यजमानांनाही सर्दी झाली, असं सांगतात. मद्रासला तर त्या बर्फासाठी १८४२ साली समुद्रकाठी मोठी इमारतच बांधली. ती अजून उभी आहे, आणि १८९७ साली विवेकानंद तिथं राहिले होते म्हणून आता त्यांच्या नावानं ओळखली जाते.

आजीला मी हे सगळं वाचून दाखवलं असतं तर तिला फक्त सर्दीचं पटलं असतं. “बर्फ उष्णच असतो,” असं ती ठामपणे म्हणे. गोळ्याच्या गाडीची घंटा वाजली की वाड्याच्या दाराला ती आतून कडी घालत असे. कैरीचं पन्हं, कोकम सरबत आणि वाळ्याचं पाणी यांच्यापुढे बोस्टनच्या ट्यूडरची काय बिशाद!

पण ‘आपलं ते आपलं’ हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही. गच्चीवर चला. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी खातो. त्या साबुदाण्याचं कंदमूळ दक्षिण अमेरिकेतलं. ते केरळात रुजवण्यासाठी त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०-८५ च्या दरम्यान खटपट केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा साबुदाणा यायचा थांबला आणि तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने वाढले. खिचडीतले दाणे दक्षिण अमेरिकेतले, बटाटाही तिकडचाच. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतातून आली. म्हणजे जिरं, तूप आणि मीठ वगळलं तर आपली एकादशी सबंध अमेरिकेहून आलेली आहे. ज्ञानेश्वरांच्या काळात वारी होती, एकादशी होती, पण हिरव्या मिरचीचा ठेचा नव्हता. आणि आजी तर कांदा-लसूण वर्ज्य करून हा अमेरिकन फराळ सोवळ्यात करत असे!

आमच्या वाड्यात एप्रिल-मेमध्ये वाळवणाची नुसती मोहीम चाले. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यानं कुरडया घालायच्या. उडदाचे पापड लाटायला शेजारच्या बायका येत, आणि त्यांच्याकडे आमच्या बायका जात. लाट्या चोरून खाण्याचा हक्क आम्हा मुलांचा, आणि पकडलं गेल्यास मार खाण्याचाही. पापड लाटताना ज्या गप्पा होत, त्यात पेठेतल्या सगळ्या सोयरिकी, भाऊबंदक्या आणि आजारपणं निकालात निघत. कुठल्याही गोलमेज परिषदेत इतकं काम झालेलं नाही.

या लाटण्यालटपटीला इतिहासात जागा मिळेल असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर त्या बायाच हसल्या असत्या. पण १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच ‘लिज्जत’. फाल्गुन नुकता लागलेला, उन्हं तापू लागलेली, आणि गच्ची रिकामी, एवढंच त्यांचं भांडवल. सरदारांना जहागिरी मिळाल्या तेव्हा त्यांच्या हाती तलवार होती, इथं लाटणं होतं.

वाळवण संपता संपता आंबा येई. आंबा आपला, यात वाद नाही. पण हापूस? १५१० साली गोवा घेणारा अफोन्सो द आल्बुकर्क याचं नाव त्याला चिकटलं, कलमं करण्याची विद्या पोर्तुगीज पाद्र्यांनी गोव्यात वाढवली, आणि अल्फान्सोचा आफूस होत होत हापूस झाला. २०१८ साली कोकणच्या हापूसला सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पेटी मात्र कुणी वाटली नाही. आजीचा जीव होता रायवळवर. कोयीपासून उगवलेला रायवळ प्रत्येक झाडाचा निराळा. एक गोड, एक आंबट, एकाला नुसताच दोर. कलमी हापूसचं तसं नाही. तो एकाच झाडाच्या फांद्यांचा कुटुंबकबिला. “हापूस म्हणजे सरकारी नोकर, सगळे सारखे,” असं आजी म्हणे, आणि बाठा चोखताना तिच्या कोपरापर्यंत ओघळलेला रस पाहून आम्हीही तिच्या पक्षात जात असू.

आता अंगणात या. अंगण म्हणजे विटांचा कट्टा, तुळस, मोगऱ्याचे दोन वेल, अळूचं चिखलाळ आणि मोरीच्या पाण्यावर आपोआप वाढलेलं बरंच काही. या अंगणातही आमच्या आजीला पत्ता न लागता परदेशी मंडळी बिऱ्हाड करून राहिली होती. देवाला वाहायचा पांढरा चाफा अमेरिकेकडचा. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. सदाफुली आणि दाराबाहेरचा गुलमोहर, दोघेही मादागास्करचे. आणि सगळ्यात थोर म्हणजे सीताफळ आणि रामफळ. अमेरिकेतून आलेली ही दोन फळं. त्यांना आपण अशी नावं ठेवली की त्यांच्या पासपोर्टाची चौकशी करायची कुणाची छाती होऊ नये!

कुंपणावर बोगनवेल होती. तिची हकीकत मला फार उशिरा कळली. १७६६ ते ६९ या काळात बूगनव्हील नावाचा फ्रेंच कप्तान जगप्रदक्षिणेला निघाला. त्याच्याबरोबर कॉमर्सन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या दिमतीला एक पोरगेलासा नोकर. कॉमर्सन प्रकृतीनं अधू, म्हणून डोंगर चढून झाडंझुडपं गोळा करायची, ओझी वाहायची, ती दाबून वाळवायची, हे सारं बरंचसं त्या नोकराकडे. हा नोकर म्हणजे पुरुषी वेश केलेली झान बारे नावाची बाई होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला मज्जाव होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. रिओच्या मुक्कामात ही जांभळी वेल सापडली, आणि तिला नाव दिलं गेलं कप्तानाचं. बाईंच्या नावानं एका वनस्पतीचं बारसं झालं ते २०१२ साली, म्हणजे अडीचशे वर्षांनी. तीसुद्धा वांग्या-बटाट्याच्या कुळातली! बाईच्या वाट्याला शेवटी स्वयंपाकघरच, असं आमची ही हे ऐकून म्हणाली. मी त्यावर काही बोललो नाही. जेवायची वेळ झाली होती.

आमच्या अंगणाचं घड्याळ म्हणजे गुलबक्षी. मूळची तीही अमेरिकेची. ती दुपारभर मिटून असते आणि चारच्या सुमारास उमलते. “गुलबक्षी उघडली गं, चहाचं आधण ठेव,” असं आजी आईला सांगे. वाड्यातलं लंबकाचं घड्याळ आजोबांच्या किल्लीवर चाले, आणि आजोबांचा वक्तशीरपणा गुलबक्षीइतका नव्हता.

संध्याकाळी चहा झाला की फिरायला. त्या काळची सहल म्हणजे काय, तर पायी जाता येईल आणि पायीच परत येता येईल तितकीच. पेशवे उद्यान १९५३ साली झालं, त्याच वर्षी मीही झालो, आणि ८ एप्रिल १९५६ पासून तिथं ‘फुलराणी’ धावू लागली. आमच्या पिढीचा पहिला आगगाडीचा प्रवास हाच. गाडी जिथून निघे तिथंच परत येई, हे आम्हाला मुळीच खटकत नसे. पुढे नोकरीत पस्तीस वर्षं काढली तेव्हाही खटकलं नाही ते याच सरावामुळे.

शेजारी सारसबाग. तिथं तळं होतं आणि तळ्यात गणपती होता. पुढे तळं गेलं, पण आमच्यासारखे जुने लोक अजून त्याला तळ्यातला गणपतीच म्हणतात. परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ. उसाच्या चरकाला घुंगरं का बांधतात, असं मी तेव्हा विचारलं नव्हतं. पूर्वी लाकडी चरक बैल ओढत, त्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजत, आणि त्या आवाजावर गिऱ्हाईक येई. मग लोखंडी यंत्र आलं, विजेची मोटार आली, बैल गेले. घुंगरं राहिली. तळं गेलं आणि नाव राहिलं, तसंच. माणसं मोठ्या वस्तू सहज सोडतात आणि लहानशी एखादी घट्ट धरून ठेवतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

हे ज्यांना पुरतं कळलं होतं ते दिनकर केळकर. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणाऱ्या या गृहस्थांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, करंडे, सरोते, दौती असल्या घरगुती वस्तू जमवल्या. लोक मोडीत घालत होते ते हे पदरमोड करून घरी आणत होते. बाळपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून उभे केले. पुण्यात मस्तानी दोनच ठिकाणी भेटते, एक इथं आणि एक ग्लासात.

आजीला एका मे महिन्यात आम्ही हे संग्रहालय दाखवायला नेलं. एका काचेपाशी ती थबकली. “अगो बाई, ही तर माझी वज्री!” पितळेची, पाय घासायची, वर मोर असलेली. तिची वज्री घरी न्हाणीघरातच होती, पण मोर तोच. मग पुढचा अर्धा तास ती प्रत्येक कपाटाशी “हे आपल्याकडे आहे”, “हे होतं, पुरात गेलं” असा हिशेब करत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “आपल्याच घरातलं बघायला तिकीट कशाला रे काढलंस?”

‘पुरात गेलं’ हे शब्द आमच्या घरात एखाद्या शकासारखे वापरले जात. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आमचा वाडा नदीकडच्या अंगाला. पाणी जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत चढलं. मी आठ वर्षांचा होतो, आणि पाणी उतरल्यावर दिसलेला चिखल मला आजही दिसतो. तळमजल्यावरच्या ट्रंकेत लग्नाचे शालू, आजोबांची सनद, फोटो असं सगळं होतं. फोटोंवर अजून त्या पाण्याची तपकिरी रेघ आहे. रेघेच्या वरची माणसं स्वच्छ, खालची धूसर. आजी उंचीनं लहान आणि फोटोत खाली बसलेली, त्यामुळे ती बहुतेक फोटोंत रेघेच्या खाली गेली आहे.

गेल्या वर्षी आमचा वाडा पुनर्विकासाला दिला. सात पिढ्यांचं सामान दोन खोल्या-हॉल-किचनमध्ये बसवायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. पुतण्या फार व्यवहारी. म्हणाला, “काका, सगळ्याचे फोटो काढून ठेवू आणि वस्तू देऊन टाकू. फोटो कायम राहतात.” मी त्याला ती तपकिरी रेघ दाखवली. तो गप्प झाला, पण अडगळ तशीच राहिली. चार रविवार आवराआवर चालली. पिंप, घमेलं, मोठी परात, बंब, पाटा-वरवंटा, घडवंची. प्रत्येक वस्तूपाशी आमचा खटला चाले आणि निकाल बहुधा मोडवाल्याच्या बाजूनं लागे. वज्री हिनं पदराखालून काढून घेतली.

आणि वरच्या मजल्यावरच्या फडताळात, पापडखाराच्या डब्यामागे, लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही निघाली. वर ‘श्री’. आत दर उन्हाळ्याच्या एक-दोन ओळी. आजी मराठी तिसरी शिकलेली. ती काही लिहीत होती हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही समजत होतो ती दुपारी माळ ओढते.

‘१९४४. रेशनचा गहू. कुरडया नाहीत.’ ‘१९४८. धाकटी नगरास नव्या सरकारी मोटारीने गेली. सोबत पापड दोनशे.’ नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. पुणे-नगर मार्गावर १ जूनला एस. टी. सुरू झाली, तेव्हा माझी आत्या तिच्या पहिल्या काही प्रवाशांत होती आणि तिच्या मांडीवर पापडांचा डबा होता, हे एस. टी.च्या कुठल्याही इतिहासात सापडणार नाही. ‘१९६१. पापड सहाशे, कुरडया पाच शेर, सांडगे. सर्व पुरात.’ ‘१९६२. पापड नऊशे. शेजारी तीन घरी दिले.’ ‘१९६६. गहू अमेरिकेचा. चीक निघत नाही.’ ‘१९७३. दुष्काळ. मिलोचे पापड करून पाहिले. होत नाहीत.’ देशात १९६२ पर्यंत मेट्रिक वजनं लागू झाली. आजीच्या वहीत पहिला किलो उगवतो १९७० साली, तोही कंसात.

१९७५ च्या उन्हाळ्यापासून अक्षर बदलतं. आजी गेल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. फक्त अक्षर आईचं आहे आणि पापड शंभरानं कमी आहेत. पुढे १९९८ पासून आमच्या हिचं अक्षर सुरू होतं. हीही कधी मला बोलली नव्हती. तीस-पस्तीस वर्षं मी घरात इतिहासाची पुस्तकं आणत होतो, आणि तो दहा पावलांवर पापडखाराच्या वासात लिहिला जात होता.

वहीत कुठंही लिहिणारीचं नाव नाही. वाड्याच्या कागदपत्रांतही नाही. तिथं पणजोबा, आजोबा, वडील आणि मी. फोटोंच्या मागं ‘तात्यांची मंडळी’ असं लिहिलं आहे. माझ्या नातीनं, जिला आजकाल प्रत्येक गोष्टीवर नावाची चिठ्ठी चिकटवायचं वेड आहे, विचारलं, “ही कुणाची वही?” मी म्हटलं, “माझ्या आजीची.” तर म्हणे, “तिला नाव नव्हतं?” होतं की. सासरचं द्वारका, माहेरचं यमू. तिनं चिठ्ठीवर दोन्ही लिहिली आणि खाली, जागा उरली म्हणून, आईचं आणि हिचंही.

नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर आहोत. गच्चीच्या दारावर ‘येथे वाळवण घालू नये’ अशी पाटी आहे. म्हणजे निदान पाटीपुरतं तरी आम्ही पुणं सोडलेलं नाही. वाडा पाडायच्या आधी मी अंगणातून गुलबक्षीच्या काळ्या मिऱ्यांसारख्या बिया गोळा केल्या होत्या. त्या आता गॅलरीतल्या कुंडीत उगवल्या आहेत. या गुलबक्षीवर १९०९ साली जर्मनीत कार्ल कोरेन्स नावाच्या शास्त्रज्ञानं प्रयोग केले होते. तिच्या काही झाडांची पानं हिरवी, काहींची पांढरी, काहींची चट्ट्यापट्ट्यांची असतात. परागकण कुठल्याही झाडाचे घ्या, रोपाच्या पानांचा तो रंग फक्त आईच्या झाडाकडून येतो, असं त्याला आढळलं. मी हे मोठ्या उत्साहानं हिला सांगितलं. ती म्हणाली, “त्याला जर्मनीत कशाला जायला हवं होतं? चार वाजले, चहा टाकते.”

संध्याकाळी वही उघडून पाहिली. यंदाची ओळ लिहून झाली होती. ‘गच्ची बंद. पापड गॅलरीत, साठ. गुलबक्षी आली.’